खिशातली शेगडी

पहाटेचा फोन वाजला की पोटात गोळाच येतो. गेल्या डिसेंबरात तसाच एक वाजला. साडेचारला. पलीकडे आमचे धाकटे दीर.

"वहिनी, घाबरू नका, सगळे ठीक आहेत. पण हिचा हात भाजलाय. दवाखान्यात घेऊन निघालोय, तुम्ही या."

भाजला? या वेळी? मळ्यातल्या घरी चूल फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती, तीही सहानंतर पेटते. गॅस तर ती झोपताना सिलिंडरपासून बंद करते. काय झालं असेल याचा विचार करतच आम्ही दोघं दवाखान्यात पोहोचलो. जाऊबाई बाकावर बसलेली. उजवा पंजा ओल्या पंचात गुंडाळलेला, पदराला भोकं पडलेली, अंगाला जळक्या प्लास्टिकचा उग्र वास. मला बघितल्यावर तिने काय म्हणावं?

"ताई, लेकाने एवढ्या हौसेने पाठवलेलं जाकीट. जळून गेलं हो!"

मैत्रिणींनो, हे जाकीट म्हणजे आपलं साधं लोकरीचं किंवा रेक्झिनचं नव्हे. आत बारीक तारा शिवलेल्या असतात, खिशात बॅटरी ठेवायची, छातीवरचं बटण दाबलं की तारा तापतात आणि पाठ-पोट गरम राहतं. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने वडिलांसाठी ते घरबसल्या मागवून पाठवलं होतं. त्याचंही काही चुकलं नाही. आमच्या निफाडची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांनाच ती ठाऊक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी वाचत असालच. द्राक्षाचे घड गारठून तडकू नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात. त्यात ज्यांच्या वाट्याला पंपाची लाईट रात्रीच्या पाळीत येते, त्यांनी बारा वाजता उठून मोटार सुरू करायला जायचं. लेकाला बापाची काळजी वाटली, त्याने दोन हजारांचं जाकीट पाठवलं. दीर तर खूष. "वहिनी, पाठीवर ऊन घेतल्यासारखं वाटतं," म्हणाले होते.

मग आग कशी लागली? ती हकिगत जावेने मला तुकड्या-तुकड्यांत सांगितली. काही दवाखान्यात, काही महिन्याने. सगळी ऐकल्यावर मला रडावं की तिच्यावर रागवावं कळेना.

नोव्हेंबरात तिने ते जाकीट धुवायला टाकलं. बॅटरी आतल्या खिशात होती, ती राहून गेली. निरम्याच्या पाण्यात तासभर भिजल्यावर हाताला टणक लागलं, तेव्हा काढली. पुसली, ओट्यावर उन्हात ठेवली, मग कोणीतरी सांगितलं म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात खुपसली. आणि ती चालू झाली! लाल दिवा लागला, जाकीट तापलं. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी बॅटरी फुगायला लागली. खिशाची चेन लागेना. दाबून पाहिलं तर उशीसारखी दबत होती. तेव्हा तिने काय केलं? खिसा उसवला, जुन्या ब्लाऊजचं कापड जोडलं आणि खिसा मोठा केला. फुगलेली बॅटरी नीट बसावी म्हणून!

आपण बायका अशाच. डब्याचं झाकण सैल झालं तर रबर लावू, मिक्सरचं बटण तुटलं तर काडीने दाबू. मोडलेलं चालवून घेण्यात आपली हयात जाते आणि त्याचं कौतुकही होतं. पण फुगलेली बॅटरी चालवून घ्यायची नसते, हे तिला कोणी सांगितलं होतं? मला तरी कुठे माहीत होतं?

त्या रात्री दीर दोनला मळ्यातून आले. पाचला परत जायचं म्हणून जावेने जाकीट चार्जिंगला लावलं, बॅटरी खिशातच ठेवून. जागा कोणती? दिवाणावर, गोधड्यांच्या चवडीवर, कारण प्लग तिथेच. दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या सासूबाई झोपलेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले. चारच्या सुमारास कुकरची शिटी व्हायच्या आधी होतो तसा फुस्स आवाज आला. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा गोडसर वास, पांढरा धूर, आणि मग एकदम पिचकारीसारखी ज्वाळा. जाऊबाईने वरची गोधडी त्यावर टाकून दाबली. आग दाबायची म्हणजे हवा तोडायची, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं. पण ज्वाळा गोधडीतून वर आली. सासूबाईंना ओढून उठवायला वेळ नव्हता. तिने वायर हिसडली, तो जळता गोळा हातात धरला आणि दारातून अंगणात फेकला.

अंगणात विझला असं वाटलं. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा, तासाभराने, तो पुन्हा पेटला. शेजारच्याने पाहिलं आणि बादल्या ओतल्या.

मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं. विज्ञानाशी माझं नातं दहावीपर्यंतच, तेही पस्तीस मार्कांशी जवळीक साधून. पण हा प्रकार डोक्यातून जाईना. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचे यजमान कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्याकडे जाऊन बसले. म्हटलं, सर, मला स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगा. ते हसले आणि म्हणाले, "सुरळीची वडी करता ना? तीच समजा."

या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या. १९९१ साली सोनी कंपनीने त्या प्रथम बाजारात आणल्या. ज्यांच्या कामातून त्या झाल्या, त्या तीन शास्त्रज्ञांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, इतक्या वयात नोबेल मिळालेले ते पहिलेच. तर या बॅटरीत एक तांब्याचा पातळ पत्रा आणि एक ॲल्युमिनियमचा, दोघांवर वेगवेगळा लेप, आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा. तो पडदा केसापेक्षाही पातळ असतो. हे सगळं वडीसारखं गुंडाळायचं किंवा घड्या घालून पाकिटात बसवायचं आणि एका द्रावात भिजवायचं. तो द्राव चटकन पेट घेणारा. दोन पत्रे एकमेकांना लागू न देणं हे त्या पडद्याचं काम. पडदा फाटला, विरघळला, किंवा आत पाणी शिरून गंज धरला की दोन्ही बाजू भिडतात, आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. उष्णता वाढते, उष्णतेने आणखी द्राव विघटतो, त्याने आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरून थांबवणं कठीण. आणि या प्रकारच्या बॅटरीतला एक लेप तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतो. म्हणून गोधडी टाकून काही झालं नाही. तिला बाहेरच्या हवेची गरजच नव्हती!

बॅटरी फुगते ती का, हेही तेव्हाच कळलं. आतला द्राव बिघडून त्याचा वायू होतो, तो पाकिटात कोंडतो. म्हणजे पुरीसारखी टम्म फुगलेली बॅटरी ही आत बिघाड सुरू झाल्याची खूण आहे. टोचून हवा काढणं म्हणजे तर आगीलाच बोलावणं. आणि तांदूळ? तांदूळ बाहेरचा ओलावा ओढतील, आत शिरलेलं पाणी आणि त्याने धरलेला गंज तांदळाने जात नाही. चालू झाली म्हणजे बरी झाली असं नव्हे. भिजलेली बॅटरी महिन्याने पेटली, ती काही अचानक नाही.

मी विचारलं, एवढीशी वस्तू, तिच्यात इतकी ताकद कुठून? सरांनी कागदावर हिशेब मांडला. जाकिटात टाकतात ती पॉवर बँक साधारण दहा हजार एमएएचची. तिला ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॅट-अवर. एवढ्या विजेने दोन कप पाणी नळाच्या थंडपणापासून उकळीपर्यंत जातं. जाकीट ती ऊर्जा तीन-साडेतीन तासांत हळूहळू खर्च करतं, म्हणून ऊब वाटते. तीच ऊर्जा मिनिटभरात सुटली आणि वर तो द्रावही पेटला, तर काय होईल? आपल्या कमरेजवळच्या खिशात!

हे ऐकताना मला आजीची शेगडी आठवली. बाळंतिणीची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-बाळंतशेपाची चिमूट. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळचं मला लख्ख आठवतंय. आजी त्या शेगडीजवळून उठायची नाही. कोणी हाक मारली तरी "शेक चाललाय" एवढंच म्हणायची. साडीचा सोगा कुठे लोंबतोय, गादीचा कापूस खाली आलाय का, निखारा उडाला का, तिचे डोळे तिथेच. पाच वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची सहल काश्मीरला गेली होती, तिथेही तेच पाहिलं. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, ती कांगडी फिरनच्या आत पोटाशी धरून बाया भाजी निवडताहेत! आमच्यातली एक घाबरून म्हणाली, "अगंबाई, पेटल्या तर?" पण त्या बायांचा एक हात सतत कांगडीवर होता. कांगडीचेही तोटे आहेतच, वर्षानुवर्षं पोटावर-मांडीवर शेक घेतल्याने होणारा त्वचेचा कर्करोग तिथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. तरी पोटाशी विस्तव आहे हे त्या बाईला क्षणभरही विसरता येत नाही. बॅटरीचा निखारा दिसत नाही. धूर नाही, राख नाही. छान गुळगुळीत डबी, वर निळा दिवा. म्हणून आपण ती गोधडीवर ठेवून झोपायला जातो.

अंगावर वीज तापवण्याची कल्पना तशी जुनीच. दोन्ही महायुद्धांत उंचावर उडणारे वैमानिक विजेने तापणारे पोशाख घालत. पण त्यांना वीज विमानातून तारेने यायची. आता ती खिशात आली, आणि स्वस्तही झाली.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे लागतंय असलं जाकीट? मलाही तसंच वाटायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मंडळात सहज हा विषय काढला आणि विचारलं, तापणारी, बॅटरीवरची वस्तू कोणाकोणाकडे आहे? पहिल्यांदा सगळ्या गप्प. मग एकीने लाजत सांगितलं, मुलीचा पाळीच्या दिवसांतला पट्टा आहे. पोटावर बांधायचा, बटण दाबलं की तापतो आणि थरथरतो. झालं! त्यापाठोपाठ सात जणींकडे तोच निघाला. कोणाकडे गुडघ्याचा पट्टा, कोणाकडे मानेचा, एकीच्या सासऱ्यांचे गरम मोजे, एकीच्या सुनेने अमेरिकेहून आणलेलं बिनबाह्यांचं जाकीट. पाळीच्या पट्ट्याबद्दल मला विशेष सांगायचंय. शेकाने पोटदुखीला आराम पडतो, हे खरंच आहे. हॉस्टेलवरच्या पोरींना गरम पाण्याची पिशवी कोण भरून देणार? त्यांना हा पट्टा मोठा आधार वाटतो. पण पोरी तो बांधून, वर पांघरूण घेऊन झोपी जातात. कितीजणी चार्जरची वायर लावूनच बांधतात. आणि बिघडला तर सांगत नाहीत, कारण वस्तूच अशी की बाबांसमोर किंवा भावासमोर नाव काढायचं नाही. एका मैत्रिणीच्या मुलीचा पट्टा फुगून वाकडा झाला होता आणि तिने तो कपाटात आतल्या कपड्यांखाली लपवून ठेवला होता. ऐकून माझ्या अंगावर काटाच आला.

(गरम व्हायची ती जेलीची पिशवी, जिला पिन लावून दहा मिनिटं तापवतात, ती वेगळी. तिच्यात बॅटरी नसते. तिचे धोके आहेत, ते स्वतंत्रपणे कधीतरी.)

तर काय सांभाळायचं? सरांनी सांगितलेलं आणि आम्ही बायकांनी मिळून त्याला जोडलेलं असं सांगते. चार्जिंग करताना बॅटरी कपड्यातून बाहेर काढायची आणि फरशीवर, कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात ठेवायची. गादी, सोफा, कपाट, देव्हाऱ्याजवळचा कोपरा, दाराची वाट, यातलं काही नको. दाराची वाट नको कारण पेटली तर बाहेर कसं पडायचं? घरात कोणीतरी जागं असताना लावायची, भरली की काढायची. सोबत आलेला किंवा कंपनीने सांगितलेला चार्जरच वापरायचा. कपडा अंगात असताना चार्ज करायचा नाही, घालून झोपायचं नाही. वरून जाड रजई ओढली तर उष्णता बाहेर जात नाही, कपडा तापतो आणि खिशातली बॅटरीही तापते. शिवाय ज्यांना साखरेचा आजार आहे आणि तळपायाला बधिरपणा आहे, त्यांना गरम मोज्याने भाजलेलं कळतच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रकार वापरूच नयेत.

धुताना बॅटरी काढायची हे आता सांगायला नको. पण तारेच्या टोकाला जी पिन असते तिचं रबरी टोपण लावायचं, कपडा पिळायचा नाही, धोपटायचा तर नाहीच, पुरता वाळल्याशिवाय बॅटरी लावायची नाही, इस्त्री फिरवायची नाही. आतल्या तारा मोडल्या तर एकाच जागी चटका बसण्याइतकं तापतं. असा एखादा ठिपका जास्त गरम लागला तर तो कपडा संपला म्हणायचं.

यापेक्षा मोठा प्रश्न मला वाटतो तो उरलेल्या नऊ महिन्यांचा. आपल्याकडे थंडी ती किती? होळी झाली की गरम कपडे ट्रंकेत किंवा दिवाणात, सोबत डांबराच्या गोळ्या, वर पत्र्याचं छप्पर. एप्रिल-मेमध्ये त्या ट्रंकेत किती तापत असेल विचार करा! उष्णतेने या बॅटऱ्या खराब होतात. शिवाय पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी महिनोन्महिने पडली की आतलं तांबं विरघळून नको तिथे बसतं आणि दिवाळीनंतर आपण हौसेने चार्जिंगला लावतो तेव्हाच शॉर्ट होतो. म्हणून कपडा ट्रंकेत जाऊ दे, बॅटरी जाऊ द्यायची नाही. ती निम्मी भरलेली, घरातल्या गार, कोरड्या कोनाड्यात, डोळ्यांसमोर ठेवायची, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा हातात घेऊन बघायची. पहिल्या थंडीत लावताना तर समोरच बसायचं.

विकत घेताना? आपल्या देशात लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विकायच्या तर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर ब्यूरोचं चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. 'बीआयएस केअर' नावाचं ॲप मोबाईलवर घेऊन तो नंबर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. आमच्या पुतण्याने पाठवलेल्या जाकिटाच्या बॅटरीवर नंबर नव्हता, कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं मोठ्या अक्षरात '२०,०००' छापलेलं. आणि वजन? जाऊ म्हणाली, साबणाच्या वडीएवढं. सर हसले. या बॅटऱ्यांत एक बोटभर जाडीची गोल नळकांडी वापरतात, तिचं एकीचं वजनच पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्यात फार तर साडेतीन हजार एमएएच मावतात. वीस हजारांना सहा तरी लागतील. साबणाच्या वडीएवढ्या वजनात त्या बसणार कशा? म्हणजे जिथे आकडाच खोटा, तिथे आतला पडदा कसला असेल!

आता आग लागलीच तर. अंगात असेल आणि खिसा एकदम गरम लागला, वास आला, फुस्स आवाज आला, तर आधी कपडा काढून लांब टाकायचा. काय झालं ते नंतर बघायचं. घरात चार्जिंगला असेल तर बटण बंद करायचं, जमलं तर मेन स्विच. छोट्या बॅटरीवर भरपूर पाणी ओतायचं. हो, पाणीच! वीज बंद झाल्यावर. ते आग विझवण्यापेक्षा बॅटरी गार करण्यासाठी, आणि विझल्यावरही ओतत राहायचं, कारण ती परत पेटते. गोधडी टाकायची नाही. हात लावायचा नाही. त्या धुरात विषारी वायू असतात, त्यामुळे माणसांना बाहेर काढायचं, खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२ला फोन करायचा. भाजलेल्या जागी नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, शाई नाही. नायलॉनचं कापड वितळून चिकटलं असेल तर ओढायचं नाही. आमच्या जावेच्या हातावर शेजारीण टूथपेस्ट लावायला निघाली होती, दिरांनी अडवलं आणि तिचा हात हौदात धरला. डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच बोटं वाचली.

परदेशी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या मैत्रिणींसाठी एक सांगते. असला गरम कपडा मोठ्या बॅगेत टाकला तरी त्याची सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक त्यात टाकायची नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यायची. शंभर वॅट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच आतून पेटलं. सगळे उतरले म्हणून वाचले. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकमुळे आग लागली असावी, असं तपासात पुढे आलं, आणि मार्चपासून त्या देशाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली.

हळदीकुंकवानंतर आठवड्याने आम्ही माझ्या अंगणात एक जुना माठ वाळूने भरून ठेवला. फुगलेलं, भिजलेलं, वाकडं झालेलं जे काही असेल ते आणा म्हणून निरोप दिले. पाळीचे तीन पट्टे आले, जुन्या मोबाईलच्या अकरा बॅटऱ्या, मुलांच्या गाडीच्या चार, डास मारायची एक रॅकेट. एक काकू तर फुगलेली बॅटरी लाडवाच्या डब्यात, कापसात गुंडाळून घेऊन आल्या. "पोरांच्या हाती लागू नये म्हणून," म्हणे. कापसात! प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि एकमेकींना लागणार नाहीत अशा वाळूत पुरल्या. घंटागाडीवरच्या मुलाने माठ घ्यायला नकार दिला आणि ते बरोबरच केलं. कचरा दाबणाऱ्या गाडीत त्या चेपल्या तर गाडीच पेटायची. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्या बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. मी नाशिकच्या नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याशी बोलून ठेवलं, आणि महिनाअखेरीला ह्यांनीच तो माठ गाडीत पायाशी धरून नेला. वाटेत दोनदा फोन करून विचारलं, "अगं, हा गरम लागला तर काय करायचं म्हणालीस?"

जावेने लेकाला खरं सांगायला महिना घेतला. तोवर त्याला "चार्जिंगला लावलं आणि पेटलं" एवढंच माहीत. भिजल्याचं, फुगल्याचं, खिसा मोठा केल्याचं तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. संक्रांतीला तो आला तेव्हा माझ्यासमोर बोलली. पोरगा बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, दोन हजारांचं जाकीट होतं गं. फुगली तेव्हाच फोन का नाही केलास?"

"तुला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. उठून बाहेर गेला, बऱ्याच वेळाने आला. विकणाऱ्याकडे तक्रार केली होती, तिकडून उत्तर नव्हतं. मग त्याने ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागायची सोय आहे. पण आपल्याकडे बॅटरी भिजलेली, आणि खोकं तिने शेण्या पेटवायला वापरलेलं! तक्रार चालू आहे, बघू.

हाताची जखम भरली. अंगठ्याजवळची कातडी ओढल्यासारखी राहिली आहे, भाकरी थापताना तिला तिथे ताण पडतो. दिरांना रात्री पाणी द्यायला जायचंच असतं, त्यामुळे लेकाने दुसरं जाकीट आणून दिलंय, या खेपेला नंबर तपासून, खोकं-बिल फाईलला लावून. परवा संध्याकाळी मी तिला फोन केला. चार रिंगनंतर उचलला.

"ताई, नंतर करते हं," ती घाईने म्हणाली. "बॅटरी लावलीय. समोर मेथी निवडत बसलेय."